वायुमिश्रणाची श्यानता

वायुमिश्रणाची श्यानता म्हणजे दोन किंवा अधिक वायू एकत्र मिसळले असता त्या मिश्रणाने प्रवाहाला केलेल्या अंतर्गत विरोधाचे माप होय. श्यानतेलाच व्यवहारात चिकटपणा किंवा दाटपणा असे म्हणतात. शुद्ध वायूंची श्यानता प्रयोगाने मोजून तिची कोष्टके तयार करता येतात. परंतु मिश्रणांचे प्रकार आणि प्रमाणे अगणित असल्याने प्रत्येक मिश्रणाचे मापन करणे शक्य नसते. म्हणून घटक वायूंची श्यानता, त्यांचे रेणुभार आणि मिश्रणातील त्यांचे प्रमाण एवढ्याच माहितीवरून मिश्रणाच्या श्यानतेचा अंदाज बांधण्याच्या पद्धती विकसित झाल्या. चार्ल्स विल्के यांनी १९५० साली मांडलेले सूत्र त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित आहे.

घटकांच्या श्यानतांची प्रमाणानुसार सरासरी काढली की मिश्रणाची श्यानता मिळेल, असे सकृद्दर्शनी वाटते. हवेसारख्या मिश्रणाबाबत ते खरेही ठरते. मात्र हायड्रोजन किंवा हीलियम यांसारखा हलका वायू एखाद्या जड वायूत मिसळला असता ही सरासरी मोठ्या प्रमाणात चुकते. काही मिश्रणांची श्यानता तर त्यांच्या कोणत्याही घटकाच्या श्यानतेपेक्षा अधिक असते.

## शुद्ध वायूंची श्यानता

प्रवाहातील शेजारशेजारचे थर वेगवेगळ्या वेगाने सरकत असतील, तर वेगवान थर मंद थराला पुढे ओढतो आणि मंद थर वेगवान थराला मागे खेचतो. द्रवांमध्ये या ओढाताणीला रेणूंमधील आकर्षण मुख्यतः कारणीभूत असते. वायूंमध्ये मात्र रेणू एकमेकांपासून दूर असतात. तेथे एका थरातील रेणू दुसऱ्या थरात शिरतात व आपला संवेग (वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार) सोबत नेतात. संवेगाची ही देवाणघेवाण हेच वायूच्या श्यानतेचे मूळ होय. म्हणूनच तापमान वाढले की द्रव पातळ होतात, तर वायूंची श्यानता वाढते. हवेची श्यानता ०° सेल्सिअसला सुमारे १७.२ मायक्रोपास्कल-सेकंद असते, ती १००° सेल्सिअसला सुमारे २२ होते.

२५° सेल्सिअस तापमान आणि एक वातावरण दाब असताना काही वायूंची श्यानता पुढीलप्रमाणे आहे. मूल्ये मायक्रोपास्कल-सेकंद या एककात आहेत.

| वायू | रेणुभार | श्यानता |
|---|---|---|
| हायड्रोजन | २.०१६ | ८.९ |
| हीलियम | ४.००३ | १९.९ |
| मिथेन | १६.०४ | ११.१ |
| नायट्रोजन | २८.०१ | १७.८ |
| ऑक्सिजन | ३२.०० | २०.६ |
| आरगॉन | ३९.९५ | २२.६ |
| कार्बन डायऑक्साइड | ४४.०१ | १४.९ |

रेणुभार वाढला की श्यानता वाढतेच असे नाही, हे कोष्टकावरून दिसते. वायूंच्या गत्यात्मक सिद्धांतानुसार श्यानता ही रेणुभार व निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि रेणूच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. हीलियमचा अणू हलका असला तरी फार लहान आहे. त्यामुळे तो टकरीवाचून दूरवर जातो आणि हीलियमची श्यानता चौपट रेणुभाराच्या मिथेनपेक्षाही अधिक भरते.

दाबाविषयीचा निष्कर्ष याहून अनपेक्षित आहे. दाब वाढवला की संवेग वाहून नेणाऱ्या रेणूंची संख्या वाढते, पण दोन टकरींमधील अंतर, म्हणजेच माध्य मुक्त पथ, त्याच प्रमाणात घटतो. दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देत असल्याने साधारण दाबाच्या मर्यादेत वायूची श्यानता दाबावर अवलंबून राहत नाही.

## ऐतिहासिक आढावा

ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ टॉमस ग्रॅहॅम यांनी १८४६ ते १८४९ या काळात केशनलिकांमधून वायू वाहू देऊन त्यांना लागणारा वेळ मोजला. वायूंच्या मिश्रणांवरही त्यांनी प्रयोग केले. ऑक्सिजन व नायट्रोजन यांसारख्या परस्परसदृश वायूंच्या मिश्रणाला लागणारा वेळ घटकांच्या सरासरीला धरून असतो, पण हायड्रोजन असलेली मिश्रणे हा नियम पाळत नाहीत, असे त्यांतून दिसून आले. साध्या सरासरीच्या सूत्राला पुढे काही ग्रंथांत ग्रॅहॅम यांचेच नाव दिले गेले.

श्यानता दाबावर अवलंबून नसते हा निष्कर्ष जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० साली सिद्धांतावरून काढला. तो त्यांना स्वतःलाही विस्मयकारक वाटला होता. पुढे त्यांनी लंडनमधील राहत्या घरी, पत्नी कॅथरीन यांच्या साहाय्याने, तारेला टांगलेल्या आंदोलक तबकड्यांचे उपकरण वापरून हवा व इतर वायूंची श्यानता मोजली आणि १८६६ साली हे प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. सिद्धांत खरा ठरला.

विल्यम सदरलँड यांनी १८९३ साली तापमान व श्यानता यांचा संबंध सांगणारे, आजही वापरात असलेले सूत्र दिले. १८९५ साली त्यांनी मिश्रणांच्या श्यानतेवर स्वतंत्र निबंध लिहिला. मिश्रणातील प्रत्येक घटकाचा वाटा वेगळा मोजावा आणि त्या घटकाच्या रेणूंना इतर घटकांच्या रेणूंमुळे होणारा अडथळा छेदात मांडावा, ही रचना त्यांचीच आहे.

सिडनी चॅपमन आणि डेव्हिड एन्स्कॉग यांनी १९१६–१७ च्या सुमारास एकमेकांपासून स्वतंत्रपणे वायूंच्या गत्यात्मक सिद्धांताला काटेकोर गणिती रूप दिले. त्यातून मिश्रणाची श्यानता तत्त्वतः अचूक काढता येऊ लागली. परंतु त्यासाठी रेणूंमधील परस्परबलांची माहिती आणि मोठी आकडेमोड लागे. कारखान्यातील अभियंत्याला यांपैकी काहीच सहज उपलब्ध नसे. म्हणून एफ. हर्निंग व एल. झिपरर यांनी १९३६ साली जर्मनीत औद्योगिक इंधनवायूंसाठी एक सोपे सूत्र प्रसिद्ध केले, तर १९५० साली विल्के यांनी सदरलँड यांच्या रचनेतील अज्ञात गुणक केवळ शुद्ध वायूंची श्यानता व रेणुभार यांच्यावरून काढण्याची रीत दिली.

## सरासरी का चुकते

हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या मिश्रणाचा विचार केल्यास कारण स्पष्ट होते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा सुमारे २२ पट जड आहे. क्रिकेटचा चेंडू टेबल टेनिसच्या चेंडूंच्या राशीत मारला, तर वाटेतले चेंडू बाजूला उडतात पण क्रिकेटच्या चेंडूची दिशा फारशी बदलत नाही. त्याचप्रमाणे जड रेणूला हलक्या रेणूंशी झालेल्या टकरींचा फारसा उपद्रव होत नाही. तो आपला संवेग टिकवून दूरच्या थरापर्यंत नेतो. उलट हलका रेणू जड रेणूवर आदळला की त्याची दिशा पूर्णपणे बदलते आणि त्याचा प्रवास तेथेच खुंटतो.

परिणामी मिश्रणात जड वायूचा वाटा त्याच्या प्रमाणापेक्षा मोठा राहतो व हलक्या वायूचा वाटा प्रमाणापेक्षा घटतो. हायड्रोजनमध्ये थोडासा जड वायू मिसळला तरी श्यानता झपाट्याने चढते. याउलट जड वायूत बराच हायड्रोजन मिसळूनही ती फारशी उतरत नाही, कधी कधी किंचित वाढतेही.

## अंदाजाच्या प्रमुख पद्धती

पुढील सूत्रांत 'श' म्हणजे श्यानता, 'म' म्हणजे रेणुभार आणि 'य' म्हणजे मोल-अंश, अर्थात एकूण रेणूंपैकी त्या घटकाच्या रेणूंचा हिस्सा. आदर्श वायूंच्या बाबतीत मोल-अंश आणि आकारमानाचा हिस्सा एकच असतो. १ व २ हे अंक घटकांचे क्रमांक दर्शवतात.

### साधी सरासरी

श(मिश्रण) = य१ श१ + य२ श२

घटकांचे रेणुभार व श्यानता जवळजवळ असतील तरच ही पद्धत विश्वसनीय ठरते.

### हर्निंग–झिपरर सूत्र

श(मिश्रण) = (य१ श१ √म१ + य२ श२ √म२) ÷ (य१ √म१ + य२ √म२)

येथे रेणुभाराच्या वर्गमुळाने भार देऊन सरासरी काढली जाते, त्यामुळे जड घटकाला योग्य तसे अधिक वजन मिळते. हायड्रोकार्बन वायूंच्या मिश्रणांसाठी हे सूत्र सोयीचे आहे. हायड्रोजनचे प्रमाण मोठे असलेल्या मिश्रणांना मात्र ते लागू पडत नाही. शिवाय त्यात एक मूलभूत मर्यादा आहे. भारित सरासरी, भार कोणतेही असोत, नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या मूल्याच्या दरम्यानच राहते. त्यामुळे मिश्रणाची श्यानता दोन्ही घटकांपेक्षा अधिक असल्याचे असे सूत्र कधीच दाखवू शकत नाही.

### विल्के सूत्र

श(मिश्रण) = [य१ श१ ÷ (य१ + य२ फ१२)] + [य२ श२ ÷ (य२ + य१ फ२१)]

यातील फ१२ हा गुणक पुढीलप्रमाणे काढतात :

फ१२ = [१ + √(श१ ÷ श२) × (म२ ÷ म१)^(१/४)]^२ ÷ √[८ × (१ + म१ ÷ म२)]

दुसरा गुणक वेगळा काढण्याची गरज नसते. तो पहिल्यावरूनच मिळतो :

फ२१ = फ१२ × (श२ ÷ श१) × (म१ ÷ म२)

फ१२ या गुणकाचा अर्थ असा की पहिल्या वायूच्या रेणूला स्वजातीय रेणूच्या तुलनेत दुसऱ्या वायूचा रेणू किती पट अडथळा करतो. हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांच्यासाठी हे गुणक अनुक्रमे २.४७ आणि ०.१९ येतात. म्हणजे हायड्रोजनच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू हायड्रोजनच्या जवळजवळ अडीच रेणूंइतका आडवा येतो, तर कार्बन डायऑक्साइडच्या दृष्टीने हायड्रोजनचे पाच रेणू मिळून स्वजातीय एका रेणूएवढा अडथळा करतात. मागील विभागात वर्णिलेली विषमता या दोन अंकांत उतरली आहे.

दोनपेक्षा अधिक घटक असल्यास प्रत्येक घटकाच्या छेदात इतर सर्व घटकांची पदे मिळवली जातात. तीन घटकांसाठी तीन आणि पाच घटकांसाठी दहा जोड्यांचे गुणक काढावे लागतात.

### इतर पद्धती

रायखेनबर्ग यांनी १९७० च्या दशकात मांडलेली पद्धत अमोनियासारख्या ध्रुवीय वायूंच्या मिश्रणांसाठीही चांगली मानली जाते. पण तिला घटकांचे क्रांतिक तापमान, क्रांतिक दाब व द्विध्रुव परिबल यांची माहिती लागते. टॉमस डेव्हिडसन यांची १९९३ साली अमेरिकेच्या खाण विभागाने प्रसिद्ध केलेली पद्धत श्यानतेऐवजी तिच्या व्यस्ताची, म्हणजे प्रवाहितेची, बेरीज करते. एखाद्या शुद्ध घटकाची मोजलेली श्यानता उपलब्ध नसेल, तर चॅपमन–एन्स्कॉग सिद्धांताने ती आधी काढून मग मिश्रणाचे सूत्र वापरतात.

## सोडवलेले उदाहरण : गोबरगॅस

गोबरगॅसमध्ये मिथेन ६० टक्के व कार्बन डायऑक्साइड ४० टक्के आहे असे मानू. बाष्प व हायड्रोजन सल्फाइड यांचे अल्प प्रमाण येथे सोडून दिले आहे. तापमान २५° सेल्सिअस आहे. मिथेन हा पहिला घटक आणि कार्बन डायऑक्साइड हा दुसरा.

१. श्यानतांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ : √(११.१ ÷ १४.९) = ०.८६३

२. रेणुभारांच्या गुणोत्तराचे चतुर्थ मूळ : (४४.०१ ÷ १६.०४)^(१/४) = १.२८७

३. या दोहोंचा गुणाकार १.१११, त्यात १ मिळवून वर्ग केल्यास ४.४५६

४. छेद : √[८ × (१ + १६.०४ ÷ ४४.०१)] = ३.३०४

५. फ१२ = ४.४५६ ÷ ३.३०४ = १.३४९

६. फ२१ = १.३४९ × (१४.९ ÷ ११.१) × (१६.०४ ÷ ४४.०१) = ०.६६०

७. मिथेनचा वाटा : (०.६ × ११.१) ÷ (०.६ + ०.४ × १.३४९) = ६.६६ ÷ १.१४० = ५.८४

८. कार्बन डायऑक्साइडचा वाटा : (०.४ × १४.९) ÷ (०.४ + ०.६ × ०.६६०) = ५.९६ ÷ ०.७९६ = ७.४९

९. मिश्रणाची श्यानता : ५.८४ + ७.४९ = १३.३ मायक्रोपास्कल-सेकंद

रेणूंच्या संख्येत कार्बन डायऑक्साइडचा हिस्सा ४० टक्के असला तरी श्यानतेत त्याचा वाटा निम्म्याहून अधिक आहे. साध्या सरासरीने हेच उत्तर १२.६ आले असते, म्हणजे सुमारे पाच टक्क्यांनी कमी.

## पद्धतींची तुलना

तिन्ही सूत्रांनी २५° सेल्सिअसला मिळणारी मूल्ये मायक्रोपास्कल-सेकंदांत खाली दिली आहेत.

| मिश्रण | साधी सरासरी | हर्निंग–झिपरर | विल्के |
|---|---|---|---|
| नायट्रोजन ७९%, ऑक्सिजन २१% | १८.४ | १८.४ | १८.४ |
| मिथेन ६०%, कार्बन डायऑक्साइड ४०% | १२.६ | १३.१ | १३.३ |
| हायड्रोजन ५०%, कार्बन डायऑक्साइड ५०% | ११.९ | १३.८ | १५.१ |
| हायड्रोजन ९०%, कार्बन डायऑक्साइड १०% | ९.५ | ११.० | १२.५ |
| हीलियम ७९%, ऑक्सिजन २१% | २०.० | २०.२ | २१.९ |

पहिल्या ओळीतील मिश्रण म्हणजे स्थूलमानाने कोरडी हवा. येथे तिन्ही सूत्रे एकच उत्तर देतात व ते मोजलेल्या मूल्याशी जुळते. दोन्ही घटकांचे रेणुभार व श्यानता जवळपास असल्याने हे घडते. केवळ या उदाहरणावरून सरासरीवर विसंबणे धोक्याचे ठरेल. तिसऱ्या ओळीत विल्के सूत्राचे उत्तर शुद्ध कार्बन डायऑक्साइडच्या १४.९ या मूल्यापेक्षाही किंचित अधिक आहे. निम्मा वायू बदलून त्याजागी अत्यल्प श्यानतेचा हायड्रोजन घातला, तरी मिश्रण पातळ झालेले नाही. प्रयोगांतही या मिश्रणाची श्यानता कार्बन डायऑक्साइडच्या जवळपासच आढळते. शेवटच्या ओळीत मिश्रणाची श्यानता हीलियम (१९.९) व ऑक्सिजन (२०.६) या दोहोंपेक्षा स्पष्टपणे अधिक आहे.

## व्यावहारिक महत्त्व

अरुंद नलिकेतील स्तरीय प्रवाहात ठरावीक दाबाखाली किती वायू वाहील हे श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात ठरते. त्यामुळे श्यानतेच्या अंदाजातील चूक प्रवाहाच्या अंदाजात जशीच्या तशी उतरते. स्तरीय प्रवाहावर चालणारे प्रवाहमापक, वायुवर्णलेखन उपकरणातील केशनलिका आणि सच्छिद्र खडकांतून वाहणारा नैसर्गिक वायू ही याची उदाहरणे आहेत. हायड्रोजनमध्ये दहा टक्के कार्बन डायऑक्साइड असताना साधी सरासरी वापरली, तर विल्के सूत्राच्या तुलनेत श्यानता सुमारे २४ टक्क्यांनी कमी धरली जाते. मोठ्या नळांतील संक्षुब्ध प्रवाहात मात्र श्यानतेचा प्रभाव बराच कमी असतो व घनता अधिक महत्त्वाची ठरते.

हा फरक वैद्यकातही दिसतो. हीलियम व ऑक्सिजन यांच्या श्वसनयोग्य मिश्रणाला हेलिऑक्स म्हणतात. अमेरिकन वैद्य अल्व्हन बराक यांनी १९३४ साली श्वासमार्गातील अडथळ्यावर हीलियमचा उपयोग सुचवला. हेलिऑक्स हवेपेक्षा 'पातळ' असल्याने श्वास सुकर होतो असा समज आढळतो, पण तो बरोबर नाही. वरील प्रमाणातील हेलिऑक्सची श्यानता हवेपेक्षा सुमारे एक पंचमांशाने अधिकच आहे. कमी आहे ती घनता, आणि ती हवेच्या सुमारे एक तृतीयांश असते. अरुंद झालेल्या मोठ्या श्वासमार्गात प्रवाह संक्षुब्ध असतो आणि तेथे घनता कमी असण्याचा लाभ मिळतो. बारीक श्वासनलिकांतील स्तरीय प्रवाहात हा लाभ मिळत नाही.

## अचूकता व मर्यादा

विल्के यांनी आपले सूत्र १७ द्विघटकी मिश्रणांच्या मापनांशी ताडून पाहिले आणि सरासरी तफावत एक टक्क्याहून कमी असल्याचे नोंदवले. श्यानता कमाल मूल्यातून जाणारी मिश्रणेही त्यांत होती. नंतरच्या पडताळ्यांत अध्रुवीय वायूंसाठी सूत्र समाधानकारक ठरले. हायड्रोजनयुक्त काही मिश्रणांसाठी मात्र तफावत वाढते. म्हणून अशा मिश्रणांचे काम नाजूक असल्यास प्रत्यक्ष मापन किंवा अधिक काटेकोर पद्धत वापरली जाते.

घटकांची श्यानता मिश्रणाच्याच तापमानाची असणे आवश्यक आहे. २५° सेल्सिअसची मूल्ये घेऊन भट्टीतील तप्त धुराची श्यानता काढता येत नाही. त्याआधी सदरलँड सूत्राने किंवा कोष्टकावरून प्रत्येक घटकाचे त्या तापमानाचे मूल्य घ्यावे लागते. त्याचप्रमाणे रेणूंचे प्रमाण वजनाच्या टक्क्यांत दिले असल्यास ते आधी मोल-अंशात बदलावे लागते.

उच्च दाबाखाली वायू दाट होतो, रेणू एकमेकांच्या सतत प्रभावाखाली येतात आणि श्यानता दाबाबरोबर वाढू लागते. तेथे वरील सूत्रांनी केवळ कमी दाबाचे मूल्य मिळते व घनतेनुसार त्यात दुरुस्ती करावी लागते. नैसर्गिक वायूसाठी कार, कोबायाशी व बरोज यांचे १९५४ चे आलेख आणि ली, गोन्झालेझ व इकिन यांचे १९६६ चे सूत्र खनिज तेल उद्योगात वापरले जाते. अतिविरल वायूत माध्य मुक्त पथ नलिकेच्या व्यासाइतका मोठा झाला, तर श्यानतेची ही संकल्पनाच त्या प्रवाहाला नेहमीच्या अर्थाने लागू होत नाही.

## हेही पाहा

* श्यानता
* वायूंचा गत्यात्मक सिद्धांत
* माध्य मुक्त पथ
* स्तरीय प्रवाह
* गोबरगॅस